पित्ताशयातला खडा काढ्याने विरघळतो का?

प्रश्न : माझ्या आईचं वय ६२. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत तिच्या पित्ताशयात दोन खडे दिसले, त्यातला मोठा १२ मिलिमीटरचा. तिला दुखतखुपत काही नाही. सर्जन म्हणाले, तूर्त लक्ष ठेवू. पण बातमी पसरल्यापासून घरात रोज नवा उपाय येतोय. शेजारच्या काकू पानफुटीची पानं आणून देतात, मावशी कुळथाचं पाणी घ्यायला सांगते, गावाहून भुईआवळ्याची जुडी आली आणि मोबाइलवर सफरचंदाचा रस नि ऑलिव्ह तेलाचा ‘कोर्स’ फिरतोय. यातलं आईला काय द्यावं आणि काय देऊ नये?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगून टाकू. पित्ताशयात एकदा तयार झालेला खडा विरघळवते किंवा सुखरूप बाहेर काढते असं सिद्ध झालेली एकही वनस्पती आज आपल्याकडे नाही. पण म्हणून आपल्या परंपरेतली कडू औषधं निरुपयोगी ठरत नाहीत. त्यांतल्या काहींचा यकृतावर आणि पित्ताच्या प्रवाहावर खरोखर परिणाम होतो. अडचण नेमकी तिथेच आहे. जे औषध पित्ताशयात खडा नसताना चालून जाईल, तेच आत खडा असताना धोक्याचं ठरू शकतं. म्हणून काकूंची पानं, मावशीचं पाणी आणि मोबाइलवरचा कोर्स एका मापाने मोजता येणार नाहीत. एकेक करून पाहू.

मुळात हा खडा होतो कसा?

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. जेवणाची वेळ नसते तेव्हा तो यकृताच्या खालच्या बाजूला असलेल्या, सात ते दहा सेंटिमीटर लांबीच्या पिशवीत साठतो. हे पित्ताशय. त्यात मावतो जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर रस, म्हणून पित्ताशय त्यातलं पाणी शोषून घेतं आणि तो कित्येक पट दाट करून ठेवतं. तूप, शेंगदाणे, तळण असं स्निग्ध अन्न लहान आतड्यात उतरलं की आतड्याच्या अस्तरातून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक रक्तात येतं, त्याच्या इशाऱ्याने पित्ताशय आकुंचन पावतं आणि दाट पित्त नळीवाटे आतड्यात येऊन स्निग्धांश पचवायला लागतं.

या पित्तात कोलेस्टेरॉल असतं आणि ते पाण्यात विरघळत नाही. कढईचा तेलकटपणा नुसत्या पाण्याने जात नाही, साबण लागतो. पित्तात साबणाचं काम पित्तक्षार आणि लेसिथिन करतात. कोलेस्टेरॉल त्यांच्या आवाक्याबाहेर वाढलं आणि त्यात पित्ताशय सुस्तावून वेळच्या वेळी रिकामं झालं नाही, की कोलेस्टेरॉलचे बारीक स्फटिक जमतात, त्यांचा गाळ होतो आणि महिन्या-वर्षांत गाळाचा खडा. चाळिशीपुढचं वय, स्त्रीदेह, गरोदरपण, लठ्ठपणा, मधुमेह आणि झपाट्याने उतरवलेलं वजन, ही त्याची ओळखीची कारणं.

सगळे खडे कोलेस्टेरॉलचे नसतात. शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकांच्या हातात दिलेली प्लास्टिकची डबी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हा फरक आठवेल. कुणाच्या डबीत पिवळसर, गुळगुळीत, एकमेकांना घासून पैलू पडलेले खडे असतात. ते बहुधा कोलेस्टेरॉलचे. कुणाच्या डबीत मोहरीएवढे काळेभोर, ठिसूळ कण असतात. ते तांबड्या पेशी फुटून निघणाऱ्या बिलिरुबिन या रंगद्रव्याचे आणि कॅल्शियमचे. गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलच्या तरुण रुग्णांत आढळतात ते बहुधा हे काळे खडे, कारण त्यांच्या तांबड्या पेशी सतत फुटत असतात. दोन्ही खड्यांची घडणच वेगळी आहे. तेव्हा ‘खड्यावरचं औषध’ म्हणून कुणी एकच पुडी हातात ठेवली, तर हा खडा कसला हे त्यांनी पाहिलं आहे का, एवढं जरूर विचारा.

पानफुटी आणि कुळथाचं पाणी?

हे दोन्ही मुतखड्यावरचे उपाय आहेत. आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. पानफुटी, पाषाणभेद, गोखरू, वायवर्ण्याची साल, कुळथाचं कढण या सगळ्यांचा वापर परंपरेने मूत्रमार्गातल्या खड्यासाठी होत आला आहे. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे चार प्रकार सांगितले आहेत, तेही सगळे मूत्राशयातल्या खड्याचे. ग्रंथ आणि घरगुती परंपरा, दोन्ही मुतखड्याबद्दल बोलत असताना आपण तो उपाय शरीराच्या वेगळ्याच कप्प्यावर लावतो.

मुतखडा पाण्याच्या वाटेवर बसलेला असतो. भरपूर पाणी प्यायलं, लघवी वाढली, की पाच मिलिमीटरहून लहान खडा पुष्कळदा आपोआप निघून जातो. कुळथाच्या पाण्याने किंवा गोखरूच्या काढ्याने ‘खडा पडला’ असं लोक सांगतात, तेव्हा त्या यशात पोटात गेलेल्या पाण्याचाही मोठा वाटा असतो. पित्ताशय या वाटेवर नाही. प्यायलेलं पाणी पित्ताशयातून वाहत नाही आणि तिथला खडा धुऊन नेत नाही. शिवाय पित्ताशयातून बाहेर पडायची नळी अरुंद आणि आतून वळ्यावळ्यांची, पुढची मुख्य पित्तनळीही जेमतेम सहा मिलिमीटर रुंदीची, आणि आतड्यात उघडण्यापूर्वी तिला स्वादुपिंडाची नळी येऊन मिळते. मुतखडा सुटणं ही सुटका असते. पित्ताशयातला खडा सुटून नळीत उतरणं ही मात्र संकटाची सुरुवात असू शकते.

कुळीथ हे उत्तम अन्न आहे. पिठलं, कढण, शेंगोळे आईला खुशाल द्या, फक्त ते खड्यावरचं औषध समजू नका. पानफुटीच्या बाबतीत थोडं अधिक जपा. तिच्या कुळातल्या झाडांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि ती चरून गुरं दगावल्याच्या नोंदी ऑस्ट्रेलियात आहेत. एखाददुसरं पान खाल्ल्याने लगेच काही होईल असं नाही, पण ६२ वर्षांच्या बाईंनी, त्यातही हृदयाची गोळी चालू असेल तर, महिनोन् महिने रोज ती पानं चावणं योग्य नाही. काकूंची माया कळते. त्यांना दुखावू नका, पण पानं खाणं थांबवा.

भुईआवळा, कुटकी, किराईत : कडू औषधं पित्तावर चालतात, ते खोटं का?

खोटं नाही. आणि इथे आपल्या परंपरेची नजर किती नेमकी होती, हे मोकळेपणाने सांगायला हवं.

कुटकी घ्या. हिमालयात तीन हजार मीटरच्याही वर उगवणाऱ्या या छोट्या झुडपाचं वाळलेलं मूळखोड काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. बोटाहून बारीक, करडं-तपकिरी आणि इतकं कडू, की नखाएवढा तुकडा चघळला तरी चव बराच वेळ जात नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तिच्यातली कडू द्रव्यं वेगळी काढून ‘पिक्रोलिव्ह’ हा प्रमाणित अर्क तयार केला आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो यकृताचं रक्षण करतो, पित्ताचा स्राव वाढवतो असं दाखवलं. मुंबईच्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये १९९६ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. विषाणूजन्य काविळीच्या काही रुग्णांना कुटकीचं चूर्ण ३७५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, दोन आठवडे दिलं. त्यांचं बिलिरुबिन ठरावीक पातळीपर्यंत उतरायला सरासरी २७ दिवस लागले, औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली पुडी घेणाऱ्यांत ७६ दिवस. रुग्ण थोडे होते, म्हणून यावरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही. पण विषय दुर्लक्षण्यासारखा नाही, एवढं नक्की.

भुईआवळा पावसाळ्यात आपल्या अंगणात, बांधावर, कुंड्यांत आपोआप उगवतो. पानांच्या खाली आवळ्याच्या आकाराची इवली फळं ओळीने लागतात, ती पाहूनच तो ओळखायचा. कोकणात काविळीवर तो ताकातून किंवा दुधातून द्यायची रीत जुनी आहे. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की हेपटायटिस-बीचा विषाणू अंगात बाळगणाऱ्यांना भुईआवळ्याचं चूर्ण दिल्यावर ५९ टक्के लोकांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. जगभर आशा पालवली. पुढे इतर ठिकाणी झालेल्या चाचण्यांत मात्र तो परिणाम दिसला नाही.

आता आईच्या खड्यांकडे येऊ. वरची सगळी माहिती यकृताच्या सुजेची, विषाणूच्या काविळीची आहे. पित्ताशयात बसलेल्या १२ मिलिमीटरच्या खड्याची नाही. यकृताला मदत होणं आणि खडा विरघळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किराईत, कारलं, गुळवेल, दारुहळद यांनाही हेच लागू पडतं.

हळदीचं काय? ती तर घरोघरी खातात.

हळदीवर झालेलं एक काम इथे फार उपयोगी आहे. इंडोनेशियातल्या संशोधकांनी १९९९ साली निरोगी लोकांना हळदीतलं पिवळं द्रव्य, म्हणजे करक्युमिन, फक्त २० मिलिग्रॅम दिलं आणि सोनोग्राफीवर पित्ताशय पाहिलं. दोन तासांत ते २९ टक्क्यांपर्यंत आक्रसलं. पुढच्या प्रयोगात ४० मिलिग्रॅमने पित्ताशयाचं आकारमान निम्म्यावर आलं. हळद पित्ताला वाहतं करते, हे आपल्याकडे पूर्वापार सांगतात. ते इथे पडद्यावर दिसलं.

ज्याच्या पित्ताशयात खडा नाही त्याला हे आकुंचन चांगलंच, कारण वेळोवेळी रिकामं होणाऱ्या पित्ताशयात गाळ साठत नाही. आत खडा असेल तर मात्र प्रत्येक जोरकस आकुंचनासरशी तो नळीच्या तोंडाकडे ढकलला जाऊ शकतो. म्हणूनच पित्ताचे खडे असलेल्यांनी हळदीचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये आणि पित्तनळी अडलेली असेल तर मुळीच घेऊ नये, असं जर्मनीच्या वनौषधी समितीने सांगून ठेवलं आहे.

आमटीभाजीतल्या चिमूटभर हळदीला घाबरू नका. आमटीवरची फोडणीसुद्धा पित्ताशयाला आकुंचायला लावतेच. रोजच्या जेवणाने ते व्हायलाच हवं. प्रश्न आहे तो करक्युमिनच्या तीव्र कॅप्सूलचा आणि रोज सकाळी अनशापोटी चमचा-चमचा हळद घेण्याचा. आईला त्या देऊ नका.

मोबाइलवरचा सफरचंद–ऑलिव्ह तेलाचा कोर्स? लोक तर बाहेर पडलेल्या खड्यांचे फोटो टाकतात.

त्या फोटोंमुळेच माणसं फसतात, म्हणून हे नीट समजून घ्या. कोर्स साधारण असा असतो : काही दिवस सफरचंदाचा रस, मग उपास, एप्सम सॉल्टचा जुलाब आणि रात्री पेलाभर ऑलिव्ह तेल लिंबाच्या रसात. दुसऱ्या दिवशी शौचावाटे मऊ, हिरवे गोळे पडतात. माणसाला वाटतं, खडे पडले.

न्यूझीलंडमध्ये एका ४० वर्षांच्या बाईंनी असाच कोर्स केला आणि पडलेले ‘खडे’ जपून तपासायला आणले. तिथल्या डॉक्टरांनी २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याबद्दल लिहिलं. ते गोळे ४० अंश सेल्सिअसला दहा मिनिटांत वितळून तेलकट हिरवं पाणी झालं. त्यात कोलेस्टेरॉल नव्हतं, बिलिरुबिन नव्हतं, कॅल्शियमही नव्हतं. सुमारे तीन चतुर्थांश भाग स्निग्धाम्लांचा होता. म्हणजे प्यायलेल्या तेलाचा पोटातल्या रसांशी संयोग होऊन साबणाचे गोळे तयार झाले होते. डॉक्टरांनी प्रयोगशाळेत ओलेइक आम्ल, लिंबाचा रस आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड एकत्र करून तसेच गोळे बनवून दाखवले. बाईंचे खरे खडे होते तिथेच होते. ते पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढावे लागले.

यात नुसती फसगत नाही, धोकाही आहे. एका दमात पेलाभर तेल प्यायलं की पित्ताशय सर्व ताकदीनिशी आकुंचन पावतं. खडे बारीक असतील तर एखादा नळीत जाऊन अडकायला तेवढं पुरतं. मग पित्तनळी तुंबते, कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते. ही सूज जिवावर बेतू शकते. हा कोर्स तुमच्या घरात कुणालाही करू देऊ नका आणि तो संदेश पुढे पाठवू नका, अशी आग्रहाची विनंती आहे.

मग खडा विरघळवणारं औषध मुळीच नाही?

एक आहे, आणि तेही परंपरेतूनच आलेलं आहे. चिनी वैद्यकात अस्वलाचं पित्त शेकडो वर्षं यकृताच्या आजारांवर वापरलं गेलं. १९२७ साली जपानमधल्या ओकायामाचे संशोधक मासातो शोदा यांनी त्या पित्तातून एक आम्ल स्फटिकरूपात वेगळं केलं. तेच आजचं अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल. आता ते अस्वलापासून घेत नाहीत. बहुतांशी गाईबैलांच्या पित्तातल्या द्रव्यापासून कारखान्यात बनवतात. ते पित्तातलं कोलेस्टेरॉल कमी करतं आणि लहान खडे हळूहळू विरघळवतं.

त्याच्याही अटी कडक आहेत. खडा कोलेस्टेरॉलचा हवा, त्यात कॅल्शियम साचलेलं नको, आकार लहान हवा, पित्ताशय आकुंचन पावणारं हवं. गोळ्या सहा महिने ते दोन वर्षं घ्याव्या लागतात आणि थांबवल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांत खडे पुन्हा होतात. १२ मिलिमीटरच्या खड्याला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. पुदिन्याच्या वर्गातल्या तेलांवरही इंग्लंडमध्ये काम झालं. मेंथॉल आणि तत्सम सुगंधी द्रव्यांच्या कॅप्सूलने काहींचे खडे विरघळल्याचा लेख १९७९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता, पण तो उपचार रुळला नाही. शुद्ध स्वरूपात, मोजून, महिनोन् महिने दिलेल्या औषधालाही जे जेमतेम जमतं, ते चार पानांचा रस आठवडाभरात करील, ही अपेक्षा आपणच सोडायला हवी.

वनस्पतीचं औषध, त्याने अपाय तर होणार नाही ना?

हा भरवसा घातक आहे. २०२० च्या करोनाकाळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरदरम्यान मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताची तीव्र सूज आढळली आणि त्यांनी ती शास्त्रीय नियतकालिकात मांडली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याला दोन्ही बाजूंतून एकच धडा घ्यायचा आहे. वनस्पती खरी असली तरी ती प्रत्येकाला सोसतेच असं नाही, आणि कुंपणावरून ओढलेली वेल खरी गुळवेलच आहे, याची खात्री आपल्यापैकी फार थोड्यांना देता येईल.

तयार गोळ्यांचंही तसंच. ‘यकृतासाठी’ म्हणून आरोग्यवर्धिनी सर्रास घेतली जाते. रसरत्नसमुच्चयातल्या या कल्पात निम्मा भाग कुटकीचा असतो, हे खरं. पण त्यात शुद्ध केलेला पारा-गंधक, लोहभस्म, अभ्रकभस्म आणि ताम्रभस्मही असतं. हे औषध जाणत्या वैद्याने, नाडी आणि तपासण्या पाहून, मोजून द्यायचं आहे. दुकानातून डबी आणून वर्षभर घ्यायचं नाही. शिवाय आईला मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर मेथी, गुळवेल, करक्युमिन यांच्या मोठ्या मात्रेमुळे त्या गोळ्यांचा परिणाम वाढू शकतो. घरात जे काही चालू असेल ते डॉक्टरांना आणि वैद्यांना, दोघांनाही सांगा. लपवू नका.

खडे होऊच नयेत किंवा आहेत ते त्रास देऊ नयेत, यासाठी काय करावं?

परंपरेची खरी ताकद मला इथे दिसते. औषधाच्या पुडीपेक्षा रोजच्या ताटात आणि वेळेत.

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत उंदरांवर बरीच वर्षं काम झालं. कोलेस्टेरॉल वाढवणारा आहार देऊन त्यांच्या पित्ताशयात खडे होऊ दिले, आणि काहींच्या आहारात मेथीदाणे, कांदा, लसूण मिसळले. मिसळलेल्यांत खडे कमी झाले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे ध्यानात ठेवूनच याकडे पाहायचं. पण मेथीची भाजी, लसणीची चटणी, ज्वारीची भाकरी, उसळी, ताक यांनी भरलेलं ताट पित्ताशयाच्या बाजूचं आहे, असं म्हणायला पुरेसा आधार आहे. भरपूर चोथा असलेलं अन्न आणि दाणे-बदामांसारखं थोडं चांगलं स्निग्ध घेणाऱ्यांत खड्यांचा त्रास कमी दिसतो. कॉफीही यात आहे. अमेरिकेतल्या ४६ हजार पुरुषांच्या पाहणीत (१९९९) रोज दोन-तीन कप कॉफी घेणाऱ्यांत त्रासदायक खड्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्के कमी आढळलं. कॉफीही पित्ताशयाला आकुंचायला लावते, म्हणून खडे आधीच दुखत असतील त्यांनी ती औषध म्हणून सुरू करू नये.

जेवणाच्या वेळा सांभाळणं सगळ्यात मोलाचं. पोट दीर्घकाळ रिकामं राहिलं की पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त दाट होत जातं. एका एकादशीने खडा होत नाही. पण महिनाभरात आठ-दहा किलो उतरवायचे म्हणून केलेली उपासमार मात्र खडे घडवते. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरू लागलं की हा धोका स्पष्ट वाढतो. वजन कमी करायचंच, पण आठवड्याला अर्धा-पाऊण किलोच्या बेताने. आणि खडे असलेल्यांनी उपास सोडताना साबुदाण्याचे वडे, दाण्याचं कूट घातलेली तुपाळ खिचडी, बटाट्याचे तळलेले पापड एकदम खाऊ नयेत. दिवसभर शांत राहिलेल्या पित्ताशयाला असा एकदम झटका बसला, की रात्री कळ येते.

तूप बंद करू का, असंही पुष्कळ जण विचारतात. अजिबात स्निग्ध नसलेलं जेवण पित्ताशयाला आणखी सुस्त करतं. वरणभातावरचं चमचाभर तूप आईला राहू द्या. तळण कमी करा.

डॉक्टरांकडे कधी धावायचं?

बहुतेकांचे खडे आयुष्यभर गप्प राहतात. दर वर्षी शंभरातल्या फार तर एक ते चार जणांना त्रास सुरू होतो. म्हणून त्रास नसताना शस्त्रक्रिया न करण्याचा तुमच्या सर्जनांचा सल्ला योग्य आहे. खडा तीन सेंटिमीटरहून मोठा असेल, पित्ताशयाची भिंत चुन्यासारखी कडक झाली असेल किंवा आत एक सेंटिमीटरहून मोठा कोंब असेल, तर मात्र त्रास नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार करतात, कारण त्यात कर्करोगाची शक्यता वाढते.

कळ ओळखायला शिका. जेवणानंतर तास-दोन तासांनी, बरगड्यांखाली उजवीकडे किंवा वरच्या पोटात मधोमध दुखू लागतं, कळ उजव्या खांद्याकडे किंवा पाठीत जाते, अर्ध्या तासापासून काही तास टिकते. आपल्याकडे याला ‘पित्त झालं’, ‘गॅस धरला’ म्हणतात आणि आमसुलाचं पाणी, ओवा, सोडा यात रात्र काढतात. तशी कळ पुन्हा आली तर सोनोग्राफी करून घ्या. चाळिशीपुढच्या माणसात हृदयविकाराचा झटकाही असाच भासू शकतो, म्हणून छातीत दाटलं, घाम आला तर क्षणभरही थांबू नका.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा : पोटदुखीबरोबर थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, शौच मातकट-पांढरट, अंगाला खाज, थांबत नसलेल्या उलट्या, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. खड्याने नळी अडून झालेली कावीळ ही विषाणूच्या काविळीसारखी विश्रांतीने उतरत नाही. तिच्यावर काविळीची माळ, एरंडाच्या पानांचा रस, भुईआवळा यांत चार दिवस घालवले, तर तुंबलेल्या पित्तात जंतू वाढून ते रक्तात पसरतात. वाचू शकणारी माणसं यात जातात. या उत्तरातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या.

शस्त्रक्रियेची भीतीही आता पूर्वीइतकी बाळगायचं कारण नाही. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली बर्लिनमध्ये केली. दुर्बिणीने ती करायला १९८५ मध्ये जर्मनीत सुरुवात झाली आणि पाचच वर्षांत, १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी ती भारतात प्रथम केली. आज चार लहान छिद्रांतून पित्ताशय काढतात आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. पित्ताशय काढल्यावर यकृत पित्त करायचं थांबवत नाही; ते थेंबथेंब थेट आतड्यात येतं. काहींना थोडे आठवडे शौचाला पातळ होतं, मग बसतं.

तर आईसाठी एवढं करा

पानफुटी, हळदीच्या कॅप्सूल आणि तेलाचा कोर्स बंद. कुळीथ जेवणात चालू. भुईआवळ्याची जुडी आणि कुटकी घ्यायचीच असेल तर आयुर्वेदाची पदवी असलेल्या वैद्यांकडे सोनोग्राफीचा अहवाल घेऊन जा. आत १२ मिलिमीटरचा खडा आहे हे त्यांना आधी सांगा, कोणतं औषध, किती दिवस आणि कशासाठी हे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद सर्जनांनाही दाखवा. जे वैद्य सोनोग्राफी बघतच नाहीत किंवा ‘महिन्यात खडा पाडतो’ अशी हमी देतात, त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नका. सर्जनांनी सांगितलेल्या तारखेला फेरतपासणी करा, आईची जेवणाची वेळ आणि रोजचं चालणं सांभाळा. आणि तिला कधी कळ आलीच, तर शेजारपाजारी विचारण्याआधी डॉक्टरांना फोन करा.